कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसून नेमकं खेळायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मित्रांबरोबर पणजीला जाताय, तीन पत्ती आणि रमी येते, पण ब्लॅकजॅकच्या टेबलावर कधी बसला नाहीत. मी सावंतवाडीकडचा. आमच्या भागातली बरीच मुलं नोकरीसाठी गोव्याला जातात, तसा मीही गेलो आणि काही वर्षं मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या जहाजावर डीलर, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पानं वाटणारा, होतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने जे रोज बघितलं त्यावरून सांगतो.

तीन पत्तीची सवय आधी बाजूला ठेवा. तिथे समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो, हूल द्यावी लागते. इथे यातलं काहीच नाही. टेबलावर बसलेले बाकीचे लोक तुमचे प्रतिस्पर्धी नाहीत. प्रत्येकाचा डाव फक्त डीलरशी असतो. आणि डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभाच नसते. बेरीज १६ किंवा त्याहून कमी असेल तर त्याने पान घ्यायलाच हवं, १७ झाली की थांबायलाच हवं (एक्का धरून झालेल्या १७ चं पुढे सांगतो). म्हणजे टेबलावर निर्णय घेणारे फक्त तुम्ही, आणि तो घ्यायचा डीलरचं उघडं पान बघून. नवखी माणसं आपल्याच दोन पानांकडे बघत बसतात आणि तिथेच पैसे घालवतात.

पानांचे गुण सोपे आहेत. दुर्रीपासून दश्शीपर्यंत जेवढ्यास तेवढे, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी १०, आणि एक्का १ किंवा ११, जे तुमच्या सोयीचं असेल ते. किलवर, बदाम, चौकट, इस्पिक याला काही अर्थ नाही. २१ च्या जास्तीत जास्त जवळ जायचं, पण २१ ओलांडली की डाव तिथेच गेला, यालाच फुटणं म्हणतात. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहा गुणांचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक. तीन-चार पानं घेऊन जमवलेल्या २१ पेक्षा तो वरचढ. बरोबरी झाली तर त्याला पुश म्हणतात, लावलेले पैसे परत मिळतात.

बसण्याआधी टेबलावरचं कापड वाचा. त्यावर किमान-कमाल रकमेच्या पाटीइतकीच महत्त्वाची एक ओळ छापलेली असते: ब्लॅकजॅकला ३:२ की ६:५. हजार रुपये लावले असतील तर ३:२ ने १५०० मिळतात, ६:५ ने १२००. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, त्यामुळे या एका ओळीने कॅसिनोचा वाटा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. पुढे सांगितलेलं सगळं अचूक केलंत तरी ते नुकसान भरून निघत नाही. ६:५ लिहिलेलं असेल तर बसूच नका, दुसरं टेबल शोधा. डीलरला आणखी एक गोष्ट विचारून घ्या: एक्का-छक्कीसारख्या, एक्का ११ धरलेल्या १७ वर तो थांबतो की पान घेतो? थांबत असेल तर तुमच्यासाठी किंचित बरं.

आता बसल्यावर. नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. तो त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजेल आणि चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, देईल. पानं वाटायच्या आत चिप्स तुमच्या समोरच्या चौकोनात ठेवायच्या. एकदा पहिलं पान निघालं की त्या चिप्सना हात लावायचा नाही. पानं उघडीच वाटतात, त्यांनाही हात लावायचा नाही. तुम्हाला दोन पानं येतात, डीलरचं एक पान उघडं असतं. तुमचा नंबर आला की तोंडाने सांगून भागत नाही, खूण करावी लागते, कारण वाद झाला तर वरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघून निवाडा होतो आणि तिथे खूणच दिसते. आणखी पान हवं म्हणजे हिट: बोटाने टेबलावर टकटक. नको म्हणजे स्टँड: तळहात टेबलावरून आडवा फिरवायचा. डबल म्हणजे लावलेल्याइतक्याच चिप्स शेजारी ठेवून एक बोट दाखवायचं. मग एकच पान मिळतं आणि तुमचा डाव संपतो. दोन पानं सारखी असली तर स्प्लिट करता येतं: तेवढ्याच चिप्स पुन्हा ठेवायच्या, दोन बोटं दाखवायची, आणि एका डावाचे दोन डाव होतात. एक्के स्प्लिट केले तर बहुतेक ठिकाणी प्रत्येकावर एकच पान मिळतं, आणि तिथे दहा गुणांचं पान पडलं तरी ती साधी २१, ब्लॅकजॅक नव्हे.

कॅसिनोचा फायदा कुठून येतो ते समजलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. तुम्ही आधी खेळता. तुम्ही २१ च्या वर गेलात की तुमच्या चिप्स लगेच उचलल्या जातात, नंतर डीलरही वर गेला तरी त्या परत येत नाहीत. फायद्याचं मूळ एवढंच. म्हणून ‘डीलरसारखंच खेळतो, १७ पर्यंत घेत राहतो’ असं करणाऱ्याला प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी साडेपाच रुपये तोटा होतो. आणि ‘मी कधी फुटणारच नाही, १२ झाली की थांबतो’ म्हणणाऱ्याला जवळजवळ चार रुपये. मधला रस्ता १९५६ साली अमेरिकी सैन्यातल्या रॉजर बाल्डविन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून काढला. आज ज्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात ती तिथून आली. ती नीट पाळली आणि टेबलाचे नियम चांगले असले तर तोटा शंभराला अर्ध्या रुपयाच्या आसपास येतो.

तिचा गाभा असा. पत्त्यांच्या जोडात १३ पैकी ४ प्रकारची पानं दहा गुणांची असतात. डीलरचं उघडं पान चौकी, पंजी किंवा छक्की असेल तर त्याला जास्त पानं ओढावी लागतात आणि तो फुटण्याची शक्यता मोठी असते. पंजी-छक्कीवर ती सुमारे ४२ टक्के. दश्शी किंवा चित्र असेल तर जेमतेम २१. म्हणून तुमची बेरीज १३ ते १६ असताना डीलरकडे दुर्री ते छक्की असेल तर थांबा, त्याला फुटू द्या. सत्ती किंवा त्याच्या वरचं काही असेल तर पान घ्या, कितीही भीती वाटली तरी. १६ वर पान घेऊन फुटण्याची शक्यता १३ त ८ आहे, पण राजासमोर १६ घेऊन बसून राहणंही तेवढंच वाईट. लोक सगळ्यात जास्त घाबरतात १२ ला, आणि ती भीती चुकीची आहे: १२ वर फक्त दहा गुणांचं पान फोडतं, म्हणजे १३ त ४. डीलरच्या चौकी, पंजी, छक्कीसमोरच १२ वर थांबा, एरवी घ्या. १७ आणि त्यापुढे थांबा.

एक्का ११ धरून जमलेली बेरीज वेगळी. ती एका पानाने फुटत नाही, त्यामुळे एक्का-छक्कीची १७ असेल तर थांबायचं कधीच नाही. एक्का-सत्तीची १८ मात्र नव्वी, दश्शी, चित्र किंवा एक्का यांच्यासमोर अपुरी आहे, तिथे पान घ्या.

डबल करायला भिऊ नका, तुमची खरी कमाई तिथेच आहे. ११ असेल तर डीलरकडे एक्का सोडून काहीही असो, डबल. १० असेल तर दुर्री ते नव्वीसमोर. ९ असेल तर तिर्री ते छक्कीसमोर. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी स्प्लिट करा. दहा गुणांची जोडी कधीच मोडू नका, २० हातात आहे. पंजींचीही नको, ती १० धरून खेळा. एक अपवाद लक्षात ठेवा. काही टेबलांवर डीलर सुरुवातीला स्वतःला एकच पान घेतो आणि दुसरं सगळ्यांचं झाल्यावर. तिथे त्याचा ब्लॅकजॅक निघाला तर तुम्ही वाढवलेले पैसेही जातात. अशा टेबलावर दश्शी, चित्र किंवा एक्क्यासमोर ११ डबल करू नका, अठ्ठ्या मोडू नका.

डीलरचा एक्का उघडा पडला की ‘इन्शुरन्स?’ असं विचारलं जातं, म्हणजे डीलरचा ब्लॅकजॅक निघेल यावर वेगळी पैज. घेऊ नका. सहा जोडांच्या शूमध्ये, म्हणजे पानं जिच्यातून वाटतात त्या पेटीत, ३१२ पानं, त्यातली ९६ दहा गुणांची. एक्का दिसलेला असताना उरलेल्या ३११ मध्ये ९६, म्हणजे ३१ टक्क्यांहूनही कमी शक्यता. आणि पैसे मिळतात २:१ ने, ज्याला ३३ टक्के तरी हवेत. शंभराला सात रुपयांहून जास्त तोटा. स्वतःचा ब्लॅकजॅक असतानाही हेच गणित. जोडी लागेल, रंग लागेल अशा बाजूच्या चौकोनांवर पैसे लावणं त्याच जातीचं.

एका गोष्टीची तयारी ठेवून जा, कारण नवख्या माणसाला ती फार लागते. शेवटच्या खुर्चीवर बसून तुम्ही पान घेतलंत किंवा घेतलं नाहीत आणि डीलरची २१ झाली, की शेजारचा तुमच्यावर ओरडेल: ‘तुम्ही ते पान घेतलं नसतं तर तो फुटला असता!’ माझ्यासमोर लोक या एका कारणावरून उठून गेलेत, भांडलेत. शूमधलं पुढचं पान कोणालाच माहीत नसतं. तुमच्या निर्णयाने त्याचं जितक्या वेळा वाईट होतं तितक्याच वेळा भलंही होतं, ते मात्र त्याच्या लक्षात राहत नाही. शांत बसा, तुमचा डाव बरोबर खेळा. जमलं तर मधली खुर्ची घ्या.

पत्ते मोजण्याचं, म्हणजे निघून गेलेली पानं लक्षात ठेवून उरलेल्यांचा अंदाज बांधण्याचं, विचारलंत. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ मध्ये ते शक्य असल्याचं दाखवलं, पण बरेच कॅसिनो आता सतत पत्ते पिसणारं यंत्र वापरतात आणि वापरलेली पानं लगेच त्यात परत जातात. तिथे मोजायला काही उरत नाही. त्यात वेळ घालवू नका.

पैशाचं स्पष्ट बोलतो. हजार रुपयांचे डाव, तासाला साठेक डाव, सगळं बिनचूक खेळलात तर सरासरी तोटा तासाला तीनशेच्या घरात. पण ही सरासरी आहे. एका तासात आठ-नऊ हजार वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून टेबलाच्या किमान रकमेच्या तीस-चाळीस पट पैसे, जे गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, तेवढेच खिशात घेऊन चढा आणि कार्ड मित्राकडे किंवा हॉटेलवर ठेवा. हरल्यावर रक्कम दुप्पट करत जायचं हे डोक्यात आणू नका. टेबलाची कमाल मर्यादा गाठायला सात-आठ डाव पुरतात. मी टेबलापलीकडून माणसं घामाघूम झालेली बघितली आहेत, त्यातले बहुतेक हरलेले पैसे त्याच रात्री परत मिळवायला बसलेले होते.

बाकी बारीक गोष्टी. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र लागतं. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला बंदी आहे, ग्रुपमध्ये कोणी गोव्याचं असेल तर आधीच सांगा. पानं हाताने वाटणारं टेबल हवं असेल तर जहाजावरच जा. कायद्याने टेबलावरचे खेळ १९९६ पासून तिथेच चालतात, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत यंत्रं असतात. प्रवेश फीबरोबर मिळणाऱ्या ‘वन टाइम प्ले’ चिप्स कॅशियरकडे वटत नाहीत, त्या खेळूनच संपवायच्या. जिंकलेल्या रकमेवर सपाट ३० टक्के आयकर आणि वर सेस आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

टेबलावर फोन काढू देत नाहीत. बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता कागदावर छापून न्या आणि बसताना डीलरला दाखवून विचारा. माझ्या टेबलावर कोणी तसा कागद ठेवला तर मी कधी हरकत घेतली नाही. जायच्या आधी घरी दोन-तीन संध्याकाळी एकाला डीलर करून शेंगदाण्यांवर खेळा, आणि दर वेळी स्वतःची बेरीज करण्याआधी डीलरचं पान मोठ्याने म्हणा.