मेल नव्या सर्व्हरवर, एन्क्वायऱ्या मात्र जुन्याच डब्यात

प्रश्न : सर, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी अकाउंट्स बघते आणि कॉम्प्युटरचं जे काही निघेल ते पण माझ्याकडेच येतं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीचे मेल होस्टिंगवाल्याच्या सीपॅनलवरून (वेबसाइट आणि मेल सांभाळायचा त्यांचा कंट्रोल पॅनल) मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेले. पार्ट्यांचे मेल नीट येतात, पण वेबसाइटच्या फॉर्मवरून तेव्हापासून एकही एन्क्वायरी नाही, आणि दोन पीसींवर आउटलुक सारखं पासवर्ड मागतं. होस्टिंगवाले म्हणतात डीएनएस (डोमेनच्या पत्त्यांची नोंदवही) अपडेट व्हायला वेळ लागतो, थांबा. अजून किती थांबायचं?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : ताई, आता अजिबात थांबू नका. सीपॅनलवर डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद धरून ठेवायची मुदत, साधारण १४४०० सेकंद असतो, म्हणजे ४ तास, अगदी धरून चाला दोन दिवस. दोन महिने त्यात जात नाहीत.

झालंय असं की तुम्ही एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर पाठवायचे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) बदललात तेव्हा बाहेरच्या जगाला नवा पत्ता कळला, पण जुन्या सर्व्हरला कुणी सांगितलंच नाही. तुमची वेबसाइट अजून त्याच मशीनवर आहे ना? मग फॉर्म भरला की ते मशीन आधी स्वतःच्या यादीत बघतं, हे डोमेन तर माझंच आहे म्हणतं आणि मेल तिथल्या तिथे जुन्या मेलबॉक्समध्ये टाकून मोकळं होतं, एमएक्स विचारायला बाहेर जातच नाही. आणि मेलबॉक्स अजून तिथे असल्यामुळे मेल बाउन्सही होत नाही, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत येत नाही, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही.

तेव्हा सगळ्यात आधी, काहीही डिलीट न करता, जुन्या वेबमेलला लॉगिन करा. दोन महिन्यांच्या एन्क्वायऱ्या बहुतेक तिथेच पडलेल्या असतील. त्या काढून घ्या, ज्यांना उत्तर गेलं नाही त्यांना सरळ फोन करा. नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये घाईघाईत जुने मेलबॉक्स आधी उडवले आणि मग मला बोलावलं, तिथे काहीच परत मिळालं नाही, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

मग सीपॅनलमध्ये ईमेल राउटिंग उघडा. तिथे ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ निवडलेलं दिसेल, ते ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा आणि लगेच फॉर्म भरून बघा. मेल ३६५ च्या जंकमध्ये गेला तर एसपीएफ बघा, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे ते सांगणारी डीएनएसमधली ओळ. मायक्रोसॉफ्टचं इन्क्लूड (त्यांच्या सर्व्हरना परवानगी देणारा भाग) हवंच, पण वेबसाइट जिथून मेल पाठवते त्या सर्व्हरचा आयपी पण त्याच ओळीत राहू द्या. जुनी एक आणि नवी एक अशा दोन एसपीएफ ओळी ठेवल्या तर तपासणीच फेल होते, एकच ठेवायची. आणि फॉर्मच्या फ्रॉममध्ये गिऱ्हाइकाचा जीमेल पत्ता जात असेल तर तिथे आपल्या डोमेनचा पत्ता घालून गिऱ्हाइकाचा रिप्लाय-टूमध्ये टाकायला सांगा.

पासवर्डचं दुखणं वेगळं आहे. क्लासिक आउटलुक (जुनं डेस्कटॉपवालं, ‘न्यू आउटलुक’ नव्हे) असेल तर ते चालू ठेवून खाली घड्याळाजवळच्या त्याच्या आयकॉनवर कंट्रोल दाबून राइट क्लिक करा, ‘टेस्ट ईमेल ऑटोकॉन्फिगरेशन’ येईल. त्यात सेटिंग्ज कुठल्या पत्त्यावरून आल्या ते दिसतं, आणि जुन्या होस्टिंगचं नाव दिसलं की चोर सापडला. डीएनएसमधला ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला सेटिंग्ज कुठून घ्यायच्या ते सांगणारा) जुना रेकॉर्ड काढून तिथे ऑटोडिस्कव्हर डॉट आउटलुक डॉट कॉम असा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारा रेकॉर्ड) टाका, सीपॅनलने केलेला ऑटोडिस्कव्हरचा एसआरव्ही (सेवेचा सर्व्हर सांगणारा रेकॉर्ड) असेल तर तोही काढा, आणि त्या दोन पीसींवर नवीन प्रोफाइल बनवा. फक्त जुनं अकाउंट पॉपवर (मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत) होतं का ते आधी बघा, कारण पॉप असेल तर जुने मेल त्या पीसीवरच्या पीएसटी फाइलमध्येच (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) असू शकतात, ती फाइल कॉपी केल्याशिवाय प्रोफाइलला हात लावू नका.

हे सगळं गुरुवारी करा, वर्कशॉप बंद असतं, कुणाचं काम अडणार नाही. आणि स्कॅनरवरून मेल जात असतील तर त्यातही जुन्या सर्व्हरचंच नाव भरलेलं असणार, तेही त्याच दिवशी बघून घ्या.