जुना प्लेस्टेशन २ नव्या एलईडी टीव्हीवर धूसर दिसतो, स्वस्तात काय करता येईल?

भाऊ, आधी फुकटातलं करून बघा: टीव्हीचा आकार ४:३, शार्पनेस जवळजवळ शून्य, गेम मोड चालू.

खरा घोळ पिवळ्या पिनेचा, म्हणजे कन्सोलसोबत येणाऱ्या चित्राच्या साध्या तारेचा. तिच्यात रंग आणि उजेड एकाच तारेतून येतात, म्हणून लाल अक्षरांच्या कडा फुटतात. कंपोनंट केबल घ्या, म्हणजे चित्रासाठी हिरवी, निळी, लाल अशा तीन वेगळ्या पिना असलेली. मात्र पिवळी पिन काढण्याआधीच कन्सोलच्या मेनूत 'कंपोनंट व्हिडिओ आउट' वायपीबीपीआरवर (Y Cb/Pb Cr/Pr, या केबलची रंगपद्धत) करा, नाहीतर रंग भलतेच दिसतात. टीव्हीला ती भोकं नसतील तर पीएस २ चा छोटा एचडीएमआय अडॅप्टर. पिवळ्या पिनेवर चालणारा स्वस्त कन्व्हर्टर नको, तो तेच धूसर चित्र मोठं करतो.

जळगाव-भुसावळकडे भंगारवाल्याजवळ चालू डबा टीव्ही (जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा) दिसला तर उचलाच. बंदुकीचे गेम त्यावरच चालतात.