दीड वर्षाच्या मुलीला घेऊन १० दिवस जपानला जायचंय. दिवसाला सहा धरले तर साठ डायपर होतात, त्यासाठी वेगळी बॅग लागेल. इथूनच किती न्यावेत?

साठ नेऊ नका. दिवसाला सहा हा तुमचा हिशोब बरोबर आहे, पण त्यासाठी वेगळी बॅग घ्यायची काहीच गरज नाही. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेर आम्ही टोकियो आणि क्योटोला गेलो, तेव्हा आमचा मुलगा सतरा महिन्यांचा होता. मी पुण्याहून पन्नास डायपर नेले आणि एक अख्खी बॅग त्यातच गेली. दुसऱ्याच दिवशी हॉटेलशेजारच्या औषधांच्या दुकानात दारातच डायपरची थप्पी दिसली.

इथून न्यायचे ते फक्त प्रवासापुरते आणि पहिल्या दिवसापुरते. घराचं दार ओढल्यापासून हॉटेलात पोचेपर्यंतचे तास मोजा. आमचे पुणे-मुंबई रस्ता आणि मधला विमानबदल धरून बावीस झाले. तीन तासांना एक या हिशोबाने आठ, वर चार जास्तीचे, म्हणजे बारा. हे सगळे हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सामान एखादा दिवस उशिरा येऊ शकतं. पहिल्या दिवसाचे सहा मोठ्या बॅगेत. झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढली की निम्म्या जागेत बसतात. मुलीच्या कपड्यांबरोबर तुमचाही एक टी-शर्ट हाताशी असू द्या. विमानात मांडीवर झोपलेल्या मुलाचं डायपर गळलं, तेव्हा त्याला बदलायला तीन जोड होते आणि मला एकही नव्हता.

तिथे मात्र काळजी नको. मामीपोको आपल्याकडे घराघरात आहे, ती कंपनी मुळात जपानीच. शिवाय मेरीज, मूनी, गून हे सगळे मिळतात. डायपरला तिकडे ‘ओमुत्सु’ म्हणतात, वाइप्सना ‘ओशिरिफुकी’. पाकिटावर बाळाचं वजन किलोतच दिलेलं असतं, त्यामुळे भाषा अडत नाही. फक्त पँटसारखे आणि चिकटपट्टीचे असे दोन प्रकार असतात, ते चित्र पाहून घ्या. सध्याच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये असला की दुकानदाराला दाखवता येतो. अडचण एवढीच की औषधांच्या दुकानात पाकिटं मोठीच असतात, चाळीस-पन्नास नगांची. शहर बदलणार असाल तर आदल्या दिवशी नवं पाकीट फोडू नका. लॉसन, फॅमिलीमार्टसारख्या चोवीस तास उघड्या दुकानांपैकी काहींत दोन-तीन नगांची छोटी पाकिटं मिळतात, तेवढ्यावर वेळ निभावते.

तुम्ही जे विचारलं नाहीत ते जास्त महत्त्वाचं आहे: वापरलेलं डायपर टाकायचं कुठे? जपानमध्ये रस्त्यावर कचरापेटी जवळजवळ नसते. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच सार्वजनिक ठिकाणच्या पेट्या काढल्या गेल्या, आणि आपला कचरा आपण घरी न्यायचा ही सवय तिथे पक्की आहे. कित्येक पाळणाघरांतून तर आईबाबांनाच संध्याकाळी दिवसभराची डायपर घरी न्यावी लागत. पाळणाघरांनीच त्यांची विल्हेवाट लावावी, असं सरकारने २०२३ मध्ये सुचवलं. क्योटोच्या फुशिमी इनारी मंदिरात लाल तोरणांच्या चढावर मुलाने शी केली. आम्ही झाडाआड आडोशाला चादर अंथरून डायपर बदललं, आणि ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुढे पाच तास पाठीवर वागवलं. परतीच्या गाडीत वास लपत नव्हता आणि शेजारी बसलेल्यांसमोर मान वर करवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ‘बॉस’ नावाच्या वास कोंडणाऱ्या पिशव्या घेतल्या. पातळ असतात, पण गाठ मारली की खरोखर वास येत नाही. पोचल्यावर पहिली खरेदी हीच करा. चोवीस तास उघड्या दुकानांच्या पेटीत डायपर टाकू नका, ते तिथे बरं दिसत नाही. शी आधी कमोडमध्ये टाकायची, मग डायपर गुंडाळून पिशवीत, आणि रात्री हॉटेलच्या पेटीत. कमोडमध्ये डायपर किंवा वाइप कधीच नाही, विमानातही नाही.

बदलायची सोय मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उत्तम. लहान मुलांची वेगळी खोली, डायपरसाठी वेगळी पेटी, दूध करायला गरम पाणी. अंगावर पाजायची जागा पडद्याआड, फक्त आयांसाठी. बदलायच्या टेबलांशी बाबांनाही जाता येतं, त्यामुळे ते काम मी पूर्णपणे माझ्याकडे घेतलं आणि बायकोला जरा टेकता आलं. तुमच्याकडेही हे वाटून घ्या, दहा दिवस एकटीने ओढू नका. टोकियो-क्योटो शिन्कान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, सव्वादोन तास लागतात. अकराव्या डब्याजवळची जागा घ्या, बाळ बदलायचं टेबल असलेलं मोठं स्वच्छतागृह तिथे असतं.

फक्त वाइप्सवर राहू नका. आपल्या मुलांना पाण्याने धुण्याची सवय असते, दिवसभर नुसतं पुसलं की पुरळ उठतं. आमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी उठलंच. बारीक तोंडाची एक बाटली ठेवा, हॉटेलात कोमट पाणी भरून घ्या. खोबरेल तेल मार्चच्या थंडीत दगडासारखं गोठलं होतं, म्हणून झिंक असलेल्या क्रीमची ट्यूब नेलेली बरी; हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही.

शेवटच्या दिवशी परतीच्या प्रवासाचे बारा आधी बाजूला काढा, आणि उरलेल्यांतूनच दिवस काढा. विमानतळावर पोचल्यावर दुकान शोधायला वेळ मिळतोच असं नाही.