सातवीच्या मुलांना प्रवाळांचं अन्नजाळं कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्रच पाहिलेला नाही, गवत-नाकतोडा-बेडूक-साप-घार घडाघडा म्हणतात पण प्रवाळ आले की सगळं डोक्यावरून जातं. मी सिंधुदुर्गात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते आणि खरं सांगू का, समुद्र रोज बघणाऱ्या पोरांचंही तेच होतं. मालवणला किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तरी दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की मॅडम, प्रवाळ म्हणजे दगड ना?

म्हणून शार्कपासून सुरुवात करू नका, मुलं शार्कमध्येच अडकतात. प्रवाळापासून करा. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या अंगात बारीक शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरचसं प्रवाळाला देतं, शिवाय प्रवाळ बारीक शुंडकांनी पाण्यातले प्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, पकडून खातो तो वेगळाच. मी या आतल्या शैवालाला भाडेकरू म्हणते, भाडं साखरेत देणारा. हे नाव आधीच ठेवून द्या, कारण पुढे खडकावर वाढणारं दुसरं मोठं शेवाळ येतं आणि मुलं दोन्हींची हमखास गल्लत करतात. आतला भाडेकरू प्रवाळाला जगवतो, बाहेरचं शेवाळ त्याला झाकून टाकतं.

आता मुख्य गोष्ट. साखळी आणि जाळं यात फरक काय, हे व्याख्या पाठ करून कळत नाही, जाळं तुटताना बघितलं की कळतं. त्यासाठी मी कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाची गोष्ट घेते. तिथे खडकावरचं शेवाळ खाऊन साफ ठेवणारे मुख्य दोघं, एक पोपटमासा आणि दुसरा लांब काळ्या काट्यांचा सी अर्चिन, म्हणजे समुद्रतळावरचा गोल काटेरी प्राणी, जो दिवसा कपारीत बसतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. तारेच्या पिंजऱ्यांनी वर्षानुवर्षं मासेमारी होऊन पोपटमासे फार कमी झाले होते, अर्चिनला खाणारे मासेही पकडले गेले, त्यामुळे अर्चिन भरपूर वाढले आणि साफसफाईचं काम सगळं एकट्याच्या अंगावर आलं. वरवर सगळं ठीक दिसत होतं. १९८० मध्ये ॲलन नावाचं मोठं चक्रीवादळ आलं, प्रवाळ मोडले, तरी शेवाळ आटोक्यात होतं. मग १९८३ मध्ये अर्चिनना रोग झाला, साधारण वर्षभरात सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरला आणि शंभरातले नव्वदहून जास्त अर्चिन मेले. तो जंतू कोणता होता ते आजही कळलेलं नाही. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी जमैकात खडकाचा निम्मा भाग जिवंत प्रवाळांनी भरलेला होता, नव्वदीच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही, बाकी सगळं शेवाळ.

हे मी सुतळीने करून घेते. हिरवी ओढणी घेतलेली मुलगी शेवाळ, तिचं काम एक एक पाऊल प्रवाळाकडे सरकायचं. तिच्या कमरेला दोन सुतळ्या, एक पोपटमाशाच्या हातात, एक अर्चिनच्या, दोघं तिला मागे धरून ठेवतात. पहिल्या फेरीत अर्चिनला सुतळी सोडायला सांगा, काहीच होत नाही, पोपटमासा धरून आहे, पोरं म्हणतात एवढंच? दुसऱ्या फेरीत आधी पोपटमाशाला बाहेर काढा, तरी काही होत नाही, मग अर्चिनला सोडायला लावा आणि बघा, ती मुलगी धावत जाते आणि प्रवाळ झालेल्या पोरावर ओढणी टाकते. मागच्या वर्षी ओढणीखालून तो पोरगा ओरडला, "मॅडम, ऊनच येत नाही, भाडेकरू मरतील माझे!" हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी तास तिथेच थांबवला आणि त्यालाच फळ्यावर बाण काढायला बोलावलं.

बाणांवरून आठवलं, निम्मी मुलं बाण उलटे काढतात, वाघ हरणाकडे धावतो तसे. माझा नियम एकच, बाण खाणाऱ्याच्या तोंडात शिरला पाहिजे, कारण ऊर्जा तिकडे जाते. आणि नेटवरची चित्रं डोळे झाकून घेऊ नका, त्यात दोन महासागरांची सरमिसळ असते. क्लाउनफिश आणि प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा कॅरिबियनमध्ये नसतातच, त्यामुळे जमैकाचं जाळं काढताना ते घुसवू नका.

दुसरा तास मिळाला तर गोष्ट पुढे न्या. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर पुढे काही ठिकाणी अर्चिन परतले, तिथे खडक साफ झाला आणि छोटे प्रवाळ पुन्हा दिसायला लागले. आणि २०२२ मध्ये कॅरिबियनमध्ये अर्चिन परत मरायला लागले, या वेळी मात्र कारण सापडलं, एक सूक्ष्म एकपेशीय परजीवी. इथे थांबून विचारा, आता पोपटमासे पकडायचे की नाही? कोळ्यांच्या घरातली पोरं आणि बाकीची पोरं यात माझ्याकडे जोरदार वाद होतो, तो होऊ द्या, मध्ये पडू नका, कोळ्याचं पोटही त्याच जाळ्यात आहे हे पोरंच एकमेकांना सांगतात.

कोण पोपटमासा, कोण अर्चिन हे लिहून मुलांच्या गळ्यात अडकवायची कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची करा, वहीचा कागद सुतळीच्या ओढाताणीत पहिल्या फेरीतच फाटतो.