अर्धांगवायूनंतर थेरपिस्टने हात-पाय धरून करून घेतलेल्या हालचालींचा खरोखर उपयोग होतो का?

आपल्या वडिलांना चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, आता चोपड्याहून आठवड्यातून दोनदा त्यांना जळगावला न्यावे लागते, आणि तेथे त्यांचे हात-पाय धरून हलवतात तेवढ्याने काय साधणार, असे आपण विचारले आहे. मी धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या मते त्या हालचालीतला किती वाटा थेरपिस्ट उचलतात आणि किती वडील स्वतः, यावर सारे अवलंबून आहे.

वडील निजलेले असताना त्यांचा हात वर-खाली केल्याने सांधे मोकळे राहायला मदत होऊ शकते. हा फायदा लहान नाही, पण गेलेली हालचाल त्यातून फारशी परत येत नाही. खाटेवरून उठताना मात्र थेरपिस्टने कमरेला हात लावून वजन अशक्त पायावर यावे एवढेच पाहिले आणि उठण्याचे बळ वडिलांनी लावले, तर तो सराव ठरतो. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने १९४०च्या दशकात लंडनमध्ये अशा हाताळणीची पद्धत विकसित केली. तिचा दबदबा आजही आहे, तरी ती इतर पद्धतींहून सरस असल्याचे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. नित्याचे काम पुष्कळ वेळा करून पाहणे अधिक उपयोगी पडते, आणि आठवड्यातल्या दोन फेऱ्यांत तेवढी आवर्तने होत नाहीत.

म्हणून थेरपिस्टकडून धरण्याची रीत शिकून घ्यावी आणि घरी रोज थोडा थोडा सराव करून घ्यावा. उन्हाळ्यात तो सकाळी लवकर उरकावा, कारण आपल्याकडचे ऊन धडधाकट माणसालाही सोसत नाही. बोटे थोडी हलत असतील तर बोंडातून कापूस वेचायला द्यावा. चिमटीसाठी त्याहून चांगला व्यायाम मला ठाऊक नाही, शिवाय शेतकऱ्याला ते खेळण्यातले ठोकळे उचलण्यासारखे लाजिरवाणे वाटत नाही.

लुळा हात धरून त्यांना कधीही ओढू नये आणि काखेत हात घालून उचलू नये, कारण स्नायूंचा आधार गेलेला खांदा सहज निखळतो व पुढे फार दुखतो. मालीश हलक्या हाताने केल्यास हरकत नाही. मात्र बधिर कातडीला चटका कळत नसल्याने गरम तेल किंवा शेक आधी स्वतःच्या हातावर पाहावा. बोटांची मूठ दिवसेंदिवस घट्ट होत असेल तर ती जोराने उघडत बसण्याऐवजी न्यूरॉलॉजिस्टना दाखवावे; त्यावर औषधे आणि इंजेक्शने आहेत.