मिरजेची सतारमेकर घराणी पूर्वी शस्त्रांना धार लावायची, हे खरं का?

हो, ही मंडळी मूळची शिकलगार. इंग्रजी अमलात तलवारींची गरज संपत गेली, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि तंबोरे घडवू लागले. धार लावणारा हात वाया गेला नाही असं मला वाटतं, कारण तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा इतका हलका घासायचा की तार त्याला निसटती टेकून गुंजत राहावी. एक हात जास्त फिरला की सूर बसला! तंबोऱ्याच्या खालच्या गोल भागासाठी लागणारे भोपळे मात्र मिरजेचे नव्हेत, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, म्हणजे पारखी गिऱ्हाईक अगदी दारात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.