मुंबईहून न्यूयॉर्क विमानाने किती लांब आहे आणि किती तास लागतात? आई पहिल्यांदाच एकटी जाणार आहे.

अंतर साधारण १२,५०० किमी. थेट फ्लाइट असेल तर जाताना १५-१६ तास धरा, येताना दीडएक तास कमी, कारण वर जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. शिवाय विमान नेहमी जवळच्या वाटेनेच जाईल असं नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली तेव्हा केवढा वळसा वाढला होता, त्यामुळे नेटवरच्या जुन्या उत्तरांतले तास सोडा आणि तुमच्या तिकिटावरचे बघा.

पण आईसाठी खरा हिशोब घरातून निघाल्यापासूनचा करा. आम्ही पुण्याचे, माझी आई तिकडे गेली तेव्हा फ्लाइट रात्री १ ची होती आणि आम्ही दुपारी ४ ला घर सोडलं, एक्सप्रेसवेवर घाटात अडकलो तरी ३ तास आधी एअरपोर्टवर पोचायचंच होतं. म्हणजे विमान उडायच्या आधीच तिचे ९ तास गेले होते! दुबईमार्गे जायचं असेल तर मुंबई-दुबई ३ तास, मग तिथली वाट बघणं, आणि पुढे परत १४ तास. तिकीट थोडं स्वस्त पडतं, पण एकट्या वयस्कर माणसाला मध्येच टर्मिनल बदलायला लावू नका, परवडत असेल तर थेटच घ्या असं मी अगदी कळकळीने सांगेन. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, चालता येत असलं तरी, कारण व्हीलचेअरसोबतचा माणूस इमिग्रेशनपर्यंत नेतो आणि आईला कुठे वळायचं हे शोधत बसावं लागत नाही.

घड्याळाचा घोळ सगळ्यांचाच होतो. रात्री १ ला निघून १६ तासांनी पोचली तर आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजलेले असतात आणि तिकडे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात. माझी मावशी म्हणाली अगं साडेसहा तासात पोचली पण! तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा, ते मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या डॉक्टरांनी एका कागदावर भारतातल्या वेळेप्रमाणे कोणती गोळी कधी ते लिहून दिलं, मी आईच्या मनगटावरचं घड्याळ मुद्दाम बदललं नाही आणि तो कागद गोळ्यांसकट तिच्या पर्समध्ये ठेवला, चेक-इनच्या बॅगेत नाही. तुमच्या डॉक्टरांनाही तारीख आणि फ्लाइटची वेळ सांगून तसाच कागद लिहून घ्या.